काठोकाठ प्याला

४ ऑक्टोबर
पोहोचले एकदाची काराकोलला! बिश्केकहून मिनीबसने सात तास, आणि सगळा वेळ मांडीवर माझ्या गेलेल्या नवऱ्याची, टेमीरची, बुद्धिबळाची पेटी. ड्रायव्हर म्हणाला, आपा, ती वर टाका की, पळून जाणार आहे का? मी नाही दिली.
घर लहान आहे, निळ्या खिडक्यांचं. मागे सफरचंदाची चार झाडं, अजून थोडी फळं लटकताहेत. घरमालकीण सालकिन एजे भिंतीपलीकडे राहते; वयाने मोठी म्हणून एजे, म्हणजे ताई. सत्तरी ओलांडलेली, गाल मात्र मुलीसारखे लाल. बॅग ठेवायच्या आत तिने गरम पाव, जर्दाळूचा मुरंबा आणि चहा पुढे केला. प्याला पाऊणही नाही, अर्ध्याच्याही खाली भरलेला. संपला की पुन्हा तेवढाच. किती वर्षांनी कुणी मला असं उठू नको, बस म्हणून ओतलं! माझी आई नकोशा पाहुण्याला प्याला काठोकाठ भरून द्यायची. शहाणा माणूस तेवढा पिऊन टोपी उचलायचा.
एकसष्टाव्या वर्षी कसलं नवं घर, असं माझी लेक म्हणाली होती. तिला आजच फोनवर सांगितलं, मी इथेच रुजणार.

९ ऑक्टोबर
दिवसभर करतेस काय, असं सालकिन एजेने विचारलं. मी टेमीरची पेटी दाखवली. आमची ओळखच पत्रातून खेळलेल्या बुद्धिबळाची. तो नारिनला, मी फ्रुन्झेला, म्हणजे आताच्या बिश्केकला. पोस्टकार्डावर एक चाल, खाली हवापाण्याच्या दोन ओळी. कुणी आजारी पडलं तर कार्ड टाकून सवड मागायची, आणि समोरच्याने ती द्यायचीच. टेमीरला न्यूमोनिया झाला तेव्हा मी सात आठवडे थांबले होते. जिंकत होते तरी.
एजे हसली. म्हणाली, मग तू आमचीच. गल्लीतली चार घरं संगणकावर एक खेळ खेळतात. प्रत्येकाचं एक कुरण, एक कळप. खिंडी अडवायच्या, चरायच्या जागा जिंकायच्या. रोज दुपारी बाराच्या आत आपली चाल द्यायची. माझ्या आधी या घरात कालिपा नावाची बाई होती. ती लेकीकडे राहायला गेली, तिची जागा रिकामी आहे. संगणकही तिने इथेच ठेवलाय.
आज पहिली चाल दिली. छातीत तीच जुनी धडधड.

१५ ऑक्टोबर
इथली रीत मला फार आवडली. कुणाची चाल चुकली तर बाकीचे त्याच्या कुरणाला हात लावत नाहीत. पडद्यावर अर्ध्या प्याल्याचं चित्र पाठवतात. म्हणजे सावकाश, आम्ही थांबलोय. सलग तीन दिवस चुकले तरच काठोकाठ भरलेला प्याला पाठवायचा, आणि तो खेळातल्या सर्वांत नव्या माणसाने पाठवायचा. घरात चहा धाकट्या सुनेनेच ओतायचा असतो ना, तसं.
म्हणजे मी इथली नवी सून! समोरची जानिल इस्पितळात नर्स आहे, जिभेची तिखट. म्हणाली, सूनबाई, रुमाल बांधा डोक्याला, केस पांढरे दिसताहेत. खूप हसलो.

२३ ऑक्टोबर
थंडी सुरू झाली, म्हणून विटांची शेगडी साफ केली. तिच्या मागच्या फटीत एक चष्मा सापडला. जाड काचा, एक दांडी दोऱ्याने बांधलेली. सालकिन एजे म्हणाली, कालिपाचा असेल, तिच्याकडे ढीगभर होते.
ढीगभर चष्मे असलेली बाई मोडकी दांडी दोऱ्याने कशाला बांधेल? आणि तो पडलेला नव्हता. रुमालात गुंडाळून आत सरकवलेला होता.

२ नोव्हेंबर
ओस्मोनकुल बाइकेची चाल दोन दिवस आली नाही. चौथ्या घरातले हे म्हातारे, सगळ्यांचे बाइके, म्हणजे दादा, मधमाश्या पाळतात. मी इथे राहायला आले तेव्हा ते मधाची बरणी घेऊन भेटायला आले होते, सोबत त्यांचा लंगडा कुत्रा. आता खोकल्याने अंथरुणाला खिळलेत. आम्ही तिघींनी अर्धा प्याला पाठवला. मी सूपही नेऊन दिलं. माझा हात धरून म्हणाले, पोरी, घड्याळ माझ्या खोलीत आणून दे, मला इथून दिसत नाही. आणलं. पण संगणक बाहेरच्या खोलीत. मी म्हटलं, तुमची चाल मी देते. घाईघाईने नको म्हणाले. दुसऱ्याच्या हाताने दिलेली चाल धरत नाहीत.

३ नोव्हेंबर
बारा वाजून पाच मिनिटांनी सालकिन एजे न विचारता आत आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी म्हटलं, एक दिवस थांबू या, आजारी माणूस आहे, पत्रातल्या खेळातही सवड असायची. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज इतका मऊ! म्हणाली, सिंदिम, तीन दिवस थांबलो की. आता त्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.
सिंदिम म्हणजे माझी धाकटी बहीण. मला फार दिवसांत कुणी असं म्हटलं नव्हतं.
मी काठोकाठ प्याला पाठवला.

४ नोव्हेंबर
बाइकेच्या धुराड्यातून धूर नाही. फाटक उघडं. मी आत गेले. अंथरुणाची घडी नीट घातलेली. खुंटीवर त्यांची फरची टोपी. टेबलावर सालकिन एजेच्या संचातला निळा प्याला, काठोकाठ, वर साय धरलेली. कुणी ओठ लावला नव्हता.
जानिल म्हणाली, पहाटे मुलगा येऊन घेऊन गेला. नोव्हेंबरात, टोपीशिवाय? कुत्रा उंबऱ्यावर पडून आहे. मी हाक मारली तर माझ्याकडे बघून गुरगुरला. माझ्याकडेच.

१० नोव्हेंबर
घरच्या फोनवर कुणा मुलीचा आवाज. आई आहे का? कोण आई? कालिपा. ऑगस्टनंतर आईचा फोन नाही म्हणाली. आई तिच्याकडे कधी आलीच नाही.
सालकिन एजेला सांगितलं. ती म्हणाली, लेकींना आया उशिराच आठवतात. आणि अर्धा प्याला भरून माझ्यापुढे ठेवला. प्यायले. काय करणार होते?
खेळ सोडते असं आम्हा तिघींच्या पडद्यावर लिहिलं. जानिलचं उत्तर लगेच आलं. एजे, इथे कुणी जागा सोडत नाही. जागा मोकळी होते.

१४ नोव्हेंबर
बाइकेच्या घरात ओशहून मेएरिम आली. पन्नाशीची, विधवा, गोलमटोल. येताना लाल तांदळाची पिशवी आणि डाळिंबं. पहिल्याच चहाला म्हणाली, मी इथेच रुजणार! शब्दन् शब्द माझा.
रीत शिकवायचं काम सालकिन एजेने मला दिलं. आपली चाल आपल्याच घरून, आपल्याच हाताने. अर्धा प्याला, तीन दिवस, काठोकाठ. सगळं सांगितलं. मेएरिम हसत म्हणाली, अगंबाई, म्हणजे मी नवी सून! मग जानिलने तिला रुमालावरून चिडवलं. तोच विनोद, त्याच आवाजात.
उरलेलं मी सांगितलं नाही. सालकिन एजे समोर होती. नाही, खरं लिहायला हवं. सर्वांत नवी आता मी नव्हते, म्हणून जरा बरं वाटलं.

२० नोव्हेंबर
साडेअकराला वीज गेली. फक्त माझ्या घराची. बारा दहाला आली. पडद्यावर तीन अर्धे प्याले.
सावकाश, आम्ही थांबलोय.

२१ नोव्हेंबर
सकाळी कालिपाचा चष्मा घेऊन पोलीस चौकीत गेले. अधिकाऱ्याने बसवून घेतलं, पत्ता लिहिला, पुन्हा पुन्हा तेच विचारलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. बारा वाजले तशी त्याने वही मिटली. म्हणाला, आपा, आज चाल दिलीत का?
मी त्याला खेळाचं काहीच सांगितलं नव्हतं.
पुन्हा तीन अर्धे प्याले.

२२ नोव्हेंबर, सकाळी ९
रस्ता बर्फाने बंद. मिनीबस नाही. संगणक सुरू होतो, जोडला जात नाही. बाहेर जाऊन पाहिलं — तार कापलेली. सरळ, स्वच्छ. कात्रीने.
लेकीला फोन — लागत नाही.

१० वाजता
मेएरिमकडे धावले. तुझा संगणक दे, पाच मिनिटं. ती बिचारी गोंधळली. एजे, तुम्हीच तर शिकवलंत, दुसऱ्याच्या घरून चाल देत नाहीत. सगळं सांगायला तोंड उघडलं — मागे सालकिन एजे उभी. माझी शाल घेऊन आलेली. गारठशील, सिंदिम.

११.४०
तिघी माझ्या स्वयंपाकघरात. किटली त्यांनीच ठेवली. चाल लिहून ठेवते म्हटलं म्हणून वही उघडू दिली. जानिल दाराशी. कुणी रागात नाही. सालकिन एजे माझे केस नीट करते आहे, माझी आई करायची तसे.

११.५५
लाकूड घालते म्हणून शेगडीपाशी गेले. माझा चष्मा काढून रुमालात गुंडाळला, फटीत सरकवला. पुढच्या बाईला सापडेल. कालिपानेही तिचा माझ्यासाठीच — आत्ता कळलं. आता अक्षरं मोठी काढतेय, नीट दिसत नाहीत.

१२
मेएरिमने रुमाल बांधलाय. निळा प्याला. तिला डोळ्यांनी खुणावलं, नको म्हणून. तिला वाटलं साखर हवी. दोन खडे टाकले. गोड हसली.
ओततेय. विचारतेय, एवढा पुरे?
सालकिन एजे म्हणते, अजून.
एवढा?
अजून थोडा — चहा काठाला आ—