लोखंडाशिवायचा चुंबक

प्रिय रिम्मा,

पार्सलमध्ये वाळवलेली अळंबी आहेत आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली एक काचेची नळी आहे. नळी आधी बाहेर काढ, नीट ठेव, मग बस आणि हे वाच. अळंबी या वर्षी मी एकटीनेच वेचली. किडकी निघाली तर मला बोल, बापाला नको.

तो घरी आहे. इस्पितळाने घरी पाठवलाय, आणि अशाला घरी का पाठवतात ते तुला सांगायला नको. फुफ्फुसं गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नदीवरचा बर्फ फुटेपर्यंत. मी म्हटलं, बर्फाचं काय सांगता, किती दिवस ते सरळ बोला की. तर त्या रडायलाच लागल्या. आता त्यांनाही मीच चहा पाजायचा! तो खिडकीपाशी पडून असतो. सूप दोन घोट घेतो आणि विचारतो, "ताइसिया, टपाल आलं?" माझ्याशी दुसरं फारसं बोलत नाही.

तुला ती हिवाळ्यातली संध्याकाळ आठवते का, बापाने केलेली भुकटी पहिल्यांदा चुंबकाकडे धावली ती? तू कॉलेजात होतीस. तुझा बाप मला बोलवायला संस्थेच्या भोजनालयात, माझ्या स्वयंपाकघरात आला, अंगात कोट नाही, डोक्यावर टोपी नाही. म्हणाला, "लोखंडाशिवाय चुंबक! धातूचा कण नाही त्यात, नुसता कोळसा, नायट्रोजन असलं काहीबाही. जसं मांसाशिवाय कटलेट!" मी म्हटलं, "मग त्यात नवल काय, केशा? आम्ही इथे रोज तेच तळतो." केवढा हसला होता! नंतर आख्खा मजला जमला. प्रयोगशाळेतलं स्पिरिट क्रॅनबेरीच्या रसात घालून सगळे प्यायले. काजळीसारखी काळी भुकटी काचेतून सरसर वर चढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तो माणूस तेव्हा जितका सुंदर दिसला तितका लग्नातही दिसला नव्हता.

मग तू शिकून त्याच्याच संस्थेत आलीस. घरात पप्पा आणि संस्थेच्या दारातून आत गेलं की इनोकेंती ल्वोविच. मला हसू यायचं. पण त्या दिवशी संस्थेच्या सभेत सगळ्यांसमोर उभी राहून तू तसंच म्हणालीस, तेव्हा मागे चहाचे पेले लावत होते त्या मला हसू नाही आलं. "इनोकेंती ल्वोविच, मी तीच भुकटी चार वेळा केली. चुंबक होत नाही." त्याने विचारलं, "भांड्यातून खरवडलीत कशाने?" तू म्हणालीस, "काचेने. तुम्ही?" त्याने हातातला खडू फळ्यापाशी ठेवला. मग म्हणाला, "पोलादाच्या पट्टीने." आणि खाली बसला. भुकटीतल्या आम्लाने पट्टी खाल्ली होती, चुंबक झाला होता तो तिचा गंज. एवढं तर मलाही कळलं. तू खरं तेच बोललीस. तोही मला तेच सांगतो, वर म्हणतो, "पोरगी पक्की निघाली." पण रिम्मा, खरं असलं म्हणून ते मला गिळता येतं असं नाही. आदल्या रात्री जेवताना त्याच्या कानात सांगितलं असतंस तर तुझं काय जात होतं? असो. तू लेनिनग्राडला गेलीस आणि आपल्या घरातलं बोलणं संपलं.

या वर्षी थंडी पडल्यावर तो पुन्हा सुरू झाला. खोकत जायचा, खोकत यायचा. सगळं काचेचं आणि लाकडाचं. काचकाम करणाऱ्या सावेलीकडून काचेची पळी करून घेतली. घड्याळ काढलं, पट्टा काढला. मला म्हणाला, कोटाचे हूक काढ, नाड्या लाव. लावल्या. लहान पोरासारखा नाड्या बांधून जायचा. एक दिवस मी बटाटे तळले तर ताट सरकवलं, म्हणे कढई लोखंडी आहे. मी ओरडलेच, "तुझं रक्तसुद्धा लोखंडी आहे, तेही ओतून देतोस का?" त्यावर शहाण्यासारखा म्हणाला, "हातमोजे घालतो की मी."

या नळीत आहे ती त्यातलीच भुकटी. सावेलीने काच वितळवून तोंड बंद केलंय, उघडायची तर तूच उघड. तो स्वतः तिच्याजवळ चुंबक नेत नाही. म्हणतो, "ज्याला हवं असतं त्याने मोजू नये. रिम्माकडे पाठव. ती सांगेल तेच खरं."

काल तो झोपल्यावर शिवणाच्या डब्यातला, टाचण्या उचलायचा चुंबक मी नळीला लावला. भुकटी हलली नाही. नळी आडवी केली, उलटी केली, पुन्हा लावला. कण हलला नाही. तुझी यंत्रं माझ्यापेक्षा जाणती असतील, खुशाल मोज. पण काय निघणार ते मी पाहून बसलेय. म्हणून हे पत्र. तू तार कर, चुंबक आहे म्हणून. बाकी काही लिहू नकोस. तुला हे किती जड जाईल ते मला कळतं, तू माझ्याच पोटची आहेस. आणि रिम्मा, येऊ नकोस. तुला बघायला तो किती तळमळतो ते मी बघतेय, तरी सांगते, येऊ नकोस. तू दारात उभी राहिलीस की तुझ्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळेल. मी सांगितलं तर तो म्हणेल, ताइसियाला काय कळतं. सावेलीने सांगितलं तर म्हणेल, मैत्री निभावतोय. खोटं त्याला पटेल ते एकट्या तुझंच. लवकर पाठव, नदीवर आता बर्फाची कडकड ऐकू यायला लागली आहे.

रागावलेली तरी तुझीच,
आई