दोन सुनांचे चार गाल

वाल्येवो, नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय यागोदाताई हिला धाकट्या ल्युबिंकाचा दुरूनच नमस्कार. (एरवी तीन मुके लिहिते, उजव्या गालावर, डाव्या गालावर, परत उजव्या गालावर. या खेपेला नुसता नमस्कार का, ते पुढे कळेल.) व्हिएन्नात तुम्ही सगळी खुशाल असाल. राडिशाभाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून ओरडतात, की आता नुसतेच कण्हतात? मी पाठवलेली भाजक्या मिरच्यांची चटणी पोचली का? बरणी वाटेत गळली असेल तर झाकण मोम्चिलोने लावलं होतं, एवढं लक्षात ठेव आणि मला बोल लावू नकोस. इकडे सगळी मजेत आहेत, एक मी सोडून.

आता माझी धाकटी जाऊ ओलिव्हेरा तुला आठवते ना? (आठवत नसेल तर तू नशीबवान.) माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. ती या वसंतात बेलग्रेडला गेली, तिथल्या कुठल्याशा पार्लरात तोंडावर ते प्रकाशाचे झोत मारून घेतले, आणि ईस्टरच्या जेवणाला अशी काही तुकतुकीत होऊन दारात उभी राहिली की माझ्या हातातलं रंगवलेलं अंडं हातातच राहिलं. डाग गेले, नाकाजवळच्या लाल शिरा गेल्या, कपाळावर नुसता उजेड! आणि आमचा मोम्चिलो, ज्याला माझे नवे पडदे दिसायला दिवाळं निघावं लागतं, तो काय म्हणाला माहीत आहे? "काय रे रातोमिर, बायको बदललीस की काय?" सगळे हसले. मीही हसले, काय करते? घरी आल्यावर त्याला आठवडाभर गार सूप वाढलं, आणि त्या गाढवाला ते गार आहे हेसुद्धा कळलं नाही. ताई, तुझ्यापाशी काय लपवायचं? मी जळले. तिच्या गालावर जळले, तिच्या हसण्यावर जळले, तिने घातलेल्या त्या बिनबाह्यांच्या पोलक्यावरसुद्धा जळले, आणि ते पोलकं तर मला मुळीच आवडलं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. (नसते बसले, पण असू दे.) पण उन्हाळ्यात एकदा सगळे अंगणात जेवायला बसलेले असताना मामंजींनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले की आता माझ्याच्याने होत नाही, यंदाच्या संत लुकाच्या दिवशी मी स्लावा पोरांपैकी एकाच्या हवाली करणार. तू दूर गेलीस तरी कुळाच्या संताचा हा सण म्हणजे काय ते विसरली नसशील. कुळाच्या संताची ती तसबीर, ती उंच मेणबत्ती, तो नक्षीचा गोल पाव आणि दिवसभर न बोलावता येणारे पाहुणे, सगळं पुढच्या वर्षीपासून त्या घरचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून याच दिवसावर डोळा ठेवून आहे! इतकी वर्षं आंबवलेल्या कोबीच्या पानांत खिमा मी गुंडाळते, भाजायला ठेवलेल्या डुकरावर राखण मी बसते, आणि दारात गोड गव्हाचं वाडगं घेऊन पाहुण्यांना मुके द्यायला उभी कोण? ओलिव्हेरा! माझे हात कांद्याचे, म्हणून मी आत. तेव्हा मोम्चिलो थोरला, मी थोरली, हक्क आमचाच, असं मी मनात म्हणतेय तोच रातोमिरने विचारलं, कुणाच्या हवाली? मामंजी मिशी पुसत म्हणाले, "ते मी त्या दिवशी बघेन. पाहुणा दारात आला की घरच्या बाईच्या तोंडावर दिवा लागला पाहिजे. असा दिवा ज्या घरात, तसबीर त्या घरात."

दिवा! आणि असं म्हणताना बघितलं कुणाकडे? (मोम्चिलो म्हणतो, ते कलिंगडाकडे बघत होते. मोम्चिलो काहीही म्हणतो.) ओलिव्हेराने लगेच मान खाली घालून केस कानामागे सारले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मीही ठरवलं, आपणही दिवा लावायचा. बेलग्रेडला जायची सोय नव्हती, पण आपल्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिथे पूर्वी चाव्या करून मिळायच्या, तिथे आता तसल्याच यंत्राचं पार्लर निघालंय. कुणाला सांगितलं नाही. एक सासूबाईंना मात्र वास लागला. (त्या माणसाच्या चालण्यावरून ओळखतात.) त्यांना मी एवढंच म्हटलं की स्लावाच्या आधी चेहरा जरा नीट करावा म्हणते. तर ती माउली उठली, खिडकीतली बरणी काढली आणि माझ्या हातात दिली. कांतारियोनचं तेल गं! आपल्या आईच्या खिडकीतही असायचं बघ, ती पिवळी फुलं तेलात घालून उन्हात ठेवली की लालभडक होतं ते. भाजलं, कापलं, पोट दुखलं, मुलगा नापास झाला, सगळ्याला तेच. सासूबाई म्हणाल्या, "रोज चोळून लाव, चेहरा लोण्यासारखा होईल. आणि ओलिव्हेराला बोलू नकोस, बरणी एकच आहे." मला इतकं भरून आलं, ताई! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला तिच्याहून वर धरलं होतं. मी त्यांचा हात धरला. मग घरी येऊन रोज मनापासून चोळत बसले, गाल, कपाळ, हनुवटी, सगळं.

पार्लरातल्या बाईने सुरुवातीला विचारलं होतं, खोटं कशाला सांगू. काही औषध चालू आहे का, तोंडाला काही लावता का, उन्हात फिरलात का. मी सगळ्याला नाही म्हटलं. आता तूच सांग, कांतारियोन हे काय औषध झालं? घरात मीठ असतं तसं ते असतं. डोळ्यांवर काळ्या वाट्या ठेवल्या, तोंडाला गार चिकट काहीतरी फासलं, आणि टप्प टप्प करून झोत मारायला लागली. मी म्हटलं, भाजतंय हो. ती म्हणाली, थोडं भाजतंच. मी म्हटलं, बरंच भाजतंय. ती म्हणाली, सुंदर दिसायचं म्हणजे एवढं सोसावं लागतं, तुमच्या आधीची बाई तर घोरत होती. आता आधीची बाई घोरली म्हटल्यावर मी ओरडणार कशी? मी दात आवळून पडून राहिले आणि डोळ्यांपुढे ओलिव्हेराचा चेहरा आणला. त्याने बराच धीर आला.

आरशात पाहिलं तर दोन्ही गालांवर लाल चौकोन. एकाशेजारी एक, अगदी फरशी बसवावी तसे. मग फोड, मग खपल्या, मग खपल्या पडल्या. मला वाटलं, सुटले. लाली तर ओसरली, पण कातडीच बदलली गं. हात फिरवला की इथे खळगा, तिथे कंगोरा, आणि मध्ये नुसती किसणी. पावडर लावली की रंग लपतो, पण वर-खाली झालेलं कसं लपवायचं? उलट उजेड पडला की प्रत्येक खळगा आपापली सावली घेऊन बसतो. मोम्चिलोने एकदा लाडात येऊन गालाला गाल लावला (वर्षातून एकदा येतो लाडात, तोही मुहूर्त असाच साधला) आणि म्हणाला, "अगं, तू दाढी करायला लागलीस काय?" त्या दिवशी सूपसुद्धा वाढलं नाही. पार्लरात जाऊन मी आकाशपाताळ एक केलं. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोलता बोलता तेलाचं निघालं. तिने कपाळावर हात मारला. "अहो बाई, ते लावून लोक उन्हातसुद्धा जात नाहीत, आणि तुम्ही माझ्या यंत्राखाली आलात?" वर म्हणते, होईल हळूहळू मऊ, वसंतापर्यंत धीर धरा. पण वसंत घेऊन मी काय करू? संत लुका तर ऑक्टोबरात येतो!

तर उजाडला तो दिवस. आता विचार कर, आपल्याकडे पाहुणा नुसता हात हलवून आत येतो का? गालाला गाल घासल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. म्हणजे ज्या दारासाठी मी इतकी वर्षं जीव टाकला, त्याच दारापासून मला पळायचं होतं. मी पहाटेच मामंजींच्या स्वयंपाकघरात घुसले, कंबर बांधली आणि ठरवलं की आज मला इथून कुणी हलवू शकणार नाही. तेवढ्यात मागच्या दाराने कोण आत यावं? ओलिव्हेरा! गळ्याभोवती हनुवटीपर्यंत रुमाल, हातात सुरी. म्हणते, "जाऊबाई, यंदा तुम्ही दारात उभ्या राहा. दरवर्षी तुम्हीच राबता, मला बरं वाटत नाही." ताई, मी मनात म्हटलं, हिला कळलंय! सगळं कळलंय, आणि मला चारचौघांत दारात उभी करून माझी शोभा करायचीय. मी म्हटलं, "छे गं, दार तुलाच शोभतं." ती म्हणाली, कांदे मी चिरते. मी म्हटलं, कांद्याला हात लावशील तर याद राख. एका पातेल्याचे दोन कान आम्ही दोघींनी धरून ठेवले होते. बाहेर घंटी वाजली, पाहुणे आले, आम्ही दोघी पातेल्याला चिकटलेल्या. शेवटी सासूबाई पुटपुटत उठल्या, डोक्याला नवा रुमाल बांधला, गव्हाचं वाडगं उचललं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. ऐंशीला टेकलेली बाई, चेहरा मनुकेसारखा सुरकुतलेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड दोन्ही हातांत धरून मुके घेतेय, हसतेय, कुणाच्या पोराचं नाव विचारतेय! बाहेर नुसता कल्ला. आत आम्ही दोघी, एकमेकींकडे पाठ करून.

पण पाव कापायच्या वेळी सगळ्यांना टेबलाशी यावंच लागतं. मेणबत्ती लावली, पाव फिरवला, वर लाल वाइन ओतली, मोडला, आणि मग घरातल्यांनी घरातल्यांना मुके द्यायचे. मी सगळ्यांना चुकवत भिंतीपर्यंत सरकले, आणि भिंतीशी ओलिव्हेरा. ती पण सरकत सरकत तिथेच आलेली. मामंजी बघत होते. काय करणार? मी डोळे मिटले आणि उजवा गाल पुढे केला.

खर्र. असा आवाज आला, ताई, शपथ. मला वाटलं माझाच. डावा लावला, तर तिच्या गालावर चौकोन! बोटाने नव्हे गं, गालाने कळला. तिसऱ्यांदा उजवा लावला आणि आम्ही दोघी तशाच थांबलो, ना ती मागे होते, ना मी. कानात पुटपुटली, "जाऊबाई, तुम्हीपण?" मी म्हटलं, "तुला तर बेलग्रेडने सुंदर केलं होतं ना?" म्हणाली, "दुसऱ्या खेपेला गेले सप्टेंबरात. त्याआधी सासूबाईंनी तेल दिलं होतं लावायला. म्हणाल्या, ल्युबिंकाला बोलू नकोस, बरणी एकच आहे."

तेवढ्यात मामंजींनी ग्लास वाजवला. म्हणाले, स्लावा यंदा कुणाच्या हवाली करायची ते आज बघणार होतो. बघितलं. "पाहुणा आला की सुना स्वयंपाकघरात पळतात, अशा घरी मी संताला पाठवत नाही. दिवा लागला तो एकाच तोंडावर." आणि सासूबाईंच्या हाताचा मुका घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई लाजून वाडगं पुसत होत्या. तसबीर जिथे होती तिथेच राहिली, आणि मी इतक्या वर्षांचं सगळं गिळून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

नंतर मी आणि ओलिव्हेरा कोठीच्या खोलीत बटाट्यांच्या पोत्यावर बसलो आणि पहिल्यांदा, ताई, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मग हसलो. मग खिडकीशी उजेडात तोंडं धरून बघितली. (लाज वाटते लिहायला, पण तिचा डावा गाल माझ्यापेक्षा बराच बरा आहे.) सासूबाईंना दोघींनी मिळून विचारलं, तर म्हणतात, "मला काय गं माहीत, तुम्ही तोंडावर वीज पाडून घेता म्हणून? आमच्या वेळी तेल लावून बायका झोपायच्या."

भाऊजींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ल्युबिंका

ता. क. सासूबाईंनी काल सहज सांगितलं की फार पूर्वी त्यांच्या बहिणीच्या सुनेने हेच तेल लावून गवत कापलं होतं, तर उन्हाने तोंडभर फोड आले होते. सांगताना इतक्या हसत होत्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी काही म्हणत नाही. तू काय ते समज.

आणखी एक ता. क. मुळात पत्र याचसाठी लिहायला घेतलं होतं. तुमच्याकडे औषधांच्या दुकानात कातडी मऊ करणारं एक मलम मिळतं म्हणे. दोन पाठव. एक माझं, एक ओलिव्हेराचं. आता आम्ही बहिणीसारख्या आहोत.

शेवटचं ता. क. दोन वेगळ्या पार्सलांतून पाठव. माझं उद्याच टाक. तिचं नाताळनंतर निघालं तरी चालेल, टपालाचं काय, कधी कधी उशीर होतोच.