आत्याला तेच वाक्य तीनदा विचारण्याच्या नियमाबाबत

प्रति,
मा. संचालक,
निसर्गविज्ञान संशोधन संस्था
(प्रयोगशाळा अधीक्षकांनी अर्ज पुढे पाठवण्यास नकार दिल्याने थेट सादर)

विषय : प्रत्येक निरीक्षण तीनदा घेण्याच्या नियमातून अर्जदाराच्या आत्यास सूट मिळणेबाबत, ते न जमल्यास परिच्छेद ५ मधील विनंती मान्य होणेबाबत.

संदर्भ : व्याकरण कक्ष बंद करण्याविषयीचे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार व्याकरण कक्षात संशोधन सहायक आहे. कक्ष म्हणजे दगडांचा संग्रह व कीटक विभाग यांच्या मधली, पूर्वी रिकाम्या बाटल्या ठेवण्याची खोली. तेथे एक टेबल, ध्वनिमुद्रण यंत्र व दोन खुर्च्या आहेत. एकीवर अर्जदार, दुसरीवर त्याची आत्या. आत्याची भाषा धडपणे बोलणारे तिच्याखेरीज आता कोणी उरलेले नाही. अर्जदारास ती समजते, बोलता मोडकीतोडकी येते. आई लहानपणीच गेल्यामुळे त्यास याच आत्याने वाढवले आहे.

२. व्याकरणाचे निसर्गविज्ञानात काय काम, असे बैठकीत हसत हसत विचारले गेले होते. आत्याच्या भाषेत झाडाच्या नावाला त्याच्या चिकाप्रमाणे प्रत्यय लागतो. पांढऱ्या चिकाला एक, पाण्यासारख्याला दुसरा, चिकट पिवळ्याला तिसरा. दोन झुडपे दिसायला एकमेकांशी काडीचे साम्य नसलेली, पण आत्या दोन्हींना एकच प्रत्यय लावी. वनस्पती विभागाच्या बाईंनी फुले उघडून पाहिली, तर दोन्ही एकाच कुळातली! मग हसणारे गप्प झाले व कक्ष विज्ञान शाखेस जोडला गेला. त्या दिवशी अर्जदाराचे पाय जमिनीवर नव्हते.

३. शाखेबरोबर शाखेचा तीनदा निरीक्षणाचा नियमही आला; तो न पाळणारा कक्ष बंद होतो. आता आत्याच्या लोकांची रीत अशी की, सांगितलेले पुन्हा विचारणे म्हणजे सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा ठरवणे, आणि सांगितलेले पुन्हा सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याला बिनडोक ठरवणे. अर्जदारास हे ठाऊक होते. तरी कक्ष वाचावा म्हणून तो म्हणाला, "आत्या, परत एकदा." तिने चष्म्यावरून नुसते पाहिले. त्याने पुन्हा म्हटल्यावर "कानात बोळे घातलेत का रे?" असे विचारले, पिशवी उचलली व ती निघून गेली.

४. तेव्हापासून ती बोलत नाही. यंत्रासमोर तर नाहीच, घरीसुद्धा नाही. ताट वाढते, पाण्याचा पेला ठेवते आणि खिडकीकडे तोंड करून बसते. अधीक्षकांचे म्हणणे, पाणी शंभरदा तापवले तरी त्याच अंशाला उकळते, मग तुमच्या आत्याचेच काय एवढे? पाण्याला राग येत नाही, हे अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो. पक्षी विभागाच्या सहायकाने तर अधीक्षकांना तोंडावर सांगितले की, घरट्यात सारखा हात घातला की पाखरू घरटेच सोडते, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. त्यावर अधीक्षकांनी दुसरी आत्या आणण्याची सूचना केली.

५. सूट देणे शक्य नसल्यास कक्ष खुशाल बंद करावा. अर्जदाराची हरकत नाही. मात्र संस्थेच्या शिक्क्यानिशी आत्याच्या नावे एक पत्र द्यावे. त्यात इतकेच असावे की, पुन्हा विचारण्याचा नियम संस्थेचा होता, भाच्याचा तिच्या शब्दावर पूर्ण विश्वास होता व आहे. हे अर्जदार स्वतः का सांगत नाही, असे आपण विचाराल. महोदय, त्याने सांगितले. तिच्याच भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांत, रडत रडत माफी मागितली. तिने मान वळवली नाही. तिला ऐकू गेले नाही की त्याचे शब्दच चुकले, कोण जाणे. आणि तिच्या रीतीप्रमाणे आता तीच माफी त्याला दुसऱ्यांदा मागता येत नाही. ती दुसऱ्या कोणीतरी मागायला हवी.

६. आत्याची प्रकृती अलीकडे बरी नसते. तिच्या भाषेचे काय व्हायचे ते होवो. अर्जदारास लहानपणच्या नावाने हाक मारणारे तिच्याशिवाय कोणीही नाही. तरी पत्र कृपया लवकर द्यावे.

आपला नम्र व उत्तरासाठी दारातच थांबलेला,
(सही)
संशोधन सहायक, व्याकरण कक्ष
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१) झुडपांविषयी वनस्पती विभागाचा अहवाल
२) शेवटचे ध्वनिमुद्रण (यात फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आहे)