फाडायचं तर इंग्रजी फाड

आबा, परवा सहावीच्या वर्गात मी फळ्यावर ‘रिप’ हा इंग्रजी शब्द लिहिला आणि अर्थ सांगितला, टर्रकन फाडणे. दौंडची पोरं, गप्प बसतील तर शपथ. पुढच्या बाकावरची एक म्हणाली, “न्हाई मॅडम, कुनी मेलं की मोबाईलवर टाकत्यात ते हाय.” तिला सांगितलं, बाई, ती ‘शांततेत विसावा घ्या’ म्हणणाऱ्या तीन इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं, हा शब्द वेगळा. मग शिवण उसवणं झालं, गिऱ्हाइकाला लुबाडणं झालं, एकाच्या दादानं सीडीवरची गाणी कॉम्प्युटरात उतरवली होती, तेही त्याच शब्दात बसलं. एवढे अर्थ मी घडाघडा सांगितले, पण माझ्या कानात एकच वाजत होता. शिरूरच्या बाजारपेठेतलं आपलं कापडाचं दुकान, बाजारच्या दिवसाची गर्दी, आणि तुमच्या हातांत फाटत जाणारं पॉपलिन.

लोखंडी गजानं मोजायचं, कात्रीनं काठाला जरासा काप द्यायचा, दोन्ही मुठी आवळायच्या आणि एका दमात ओढायचं. कापड असं सरळ फाटायचं की शिंप्यानंही बघत राहावं. मी लहान, शाळेतून आले की गादीच्या कोपऱ्याला बसते आणि मागते, आबा, एकदा मला द्या ना. “पोरीच्या जातीनं नवं कापड फाडायचं नसतं,” तुम्ही म्हणता. “तुला फाडायचं तर इंग्रजी फाड. फाडफाड!” गिऱ्हाईक हसतं, तुम्हीही हसता. मी खरंच फाडलं, आबा. बी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न होऊन दौंडला आले.

मग दादा कंपनीत लागला, तुमचे खांदे दुखायला लागले, आणि एका सुट्टीत मी माहेरी येते तर गादीवर वहिनी. पदर खोचलेला, मुठी आवळलेल्या, टर्र! तुम्ही शेजारी बसून निवांत चहा पीत होतात. पोरीची जात त्या दिवशी कुठं गेली होती? मी विचारलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, “ती सून हाय. दुकान आता तिलाच बघायचंय.” मी हसून मान डोलावली. आतून जळून खाक झाले होते.

आणि तुम्ही गेलात तो दिवस. मयताच्या कापडाला कात्री लावायची नाही, नुसत्या हातानं फाडायचं, ही आपल्या दुकानाची रीत. दादाला ते कधीच जमलं नाही. सगळ्यांनी वहिनीकडं पाहिलं. तिनं मांजरपाटाचा तागा उलगडला, डोळे पुसले आणि फाडलं. मीही रडत होते, पण त्यातलं अर्धं रडणं तिच्या हातांकडं बघून होतं. तुमची लेक मी, आणि तुमच्या शेवटच्या कापडाला माझा हात लागला नाही. नातेवाइकांनी पाठवलेली ती तीन इंग्रजी अक्षरं मोबाईलवर येतच होती.

परवा शाळेतून घरी आले आणि जुनी चादर काढली. कात्री घेतली नाही. काठ दातात धरून तोडला, मुठी आवळल्या आणि ओढलं. सरळ फाटली, आबा! इकडून तिकडं, एका रेषेत. ते कौतुकानं सांगावं असं घरात कोणी नव्हतं. ह्यांना सांगितलं असतं तर चादरीचं काय बिघडलं होतं एवढंच विचारलं असतं. शेवटी मी फोन केला तो वहिनीलाच. ती खूश झाली, आणि मग खुदकन हसली. “ताई, दातानं? अवो, नखानं काठाचा धागा तोडायचा असतो आधी. मामांनी हातावर गज हाणला असता. मला दोनदा बसलाय की!” मीही हसले आणि फोन ठेवला.

हे पत्र चादरीच्या दोन तुकड्यांत गुंडाळून कपाटात ठेवते. वहिनीला यातलं काही कळायला नको, तिचा काही दोष नाही. तुम्ही मला कधी बोटसुद्धा लावलं नाही, याचं सगळ्या शिरूरला केवढं कौतुक होतं. मला मात्र तो गज हवा होता, आबा.