एक ओळ खाली

१४ मार्च

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. मधे तू दोनदा फोन केलास, आणि दोन्ही वेळा मी "वर्गात आहे गं, मग करते" म्हणून ठेवून दिला. त्यातला एक फोन रविवारचा होता. रविवारी कसला आलाय वर्ग! तुझ्या लक्षात आलंच असणार, पण तू बोलली नाहीस.

इकडे सगळं ठीक आहे. माझी टाच दुखायची थांबली. ह्यांचं दातांचं काम एकदाचं संपलं, त्यामुळे सध्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हसून दाखवणं चाललंय.

तू मागितलेला कागद मी लिहिलेला नाही. तुझ्या ठकीच्या निवासी शाळेला तिला शिकवणीच्या वर्गातून काढून शुश्रूषा विभागात हलवायचंय. तिथे न्हाऊमाखू घालणार, भरवणार, औषधं देणार, शिकवणं बंद. त्यासाठी त्यांना तुझी सही आणि जाणकाराचं मत हवंय, एकतीस तारखेच्या आत. "मागच्यासारख्या दोन ओळी लिहून दे, हिला विचारलेलं कळत नाही म्हणून," असं तू लिहिलंस. त्या दोन ओळींना अठरा दिवस का लागले ते सांगायला हे पत्र आहे.

आधी शाळेतलं सांगते. कंटाळा आला तरी वाच.

गेल्या महिन्यात आमच्या मुलांच्या परीक्षा झाल्या. आमची मुलं पेपर लिहू शकत नाहीत, म्हणून त्यांची परीक्षा निराळी. एक मूल, एक टेबल आणि समोर मी. प्रश्न छापलेला असतो, तो जसाच्या तसा वाचायचा. फळीवर तीन कार्डं लावायची, डावं, मधलं, उजवं. मूल ज्या कार्डाला हात लावेल किंवा ज्याच्याकडे टक लावून बघेल, ते त्याचं उत्तर. पंधरा सेकंद थांबायचं, तक्त्यात जागा टिपायची, कार्डं बदलायची, पुढचा प्रश्न. आपण हसायचं नाही, मान हलवायची नाही, बरोबर कार्डाकडे नजरसुद्धा टाकायची नाही. मी भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघत बसते. बावीस वर्षं ते बटण बघतेय, कुणी मला त्याच्यावर प्रश्न विचारले तर शंभर टक्के मिळतील. शिवाय मागे एक साक्षीदार बसतो आणि स्वतःच्या तक्त्यावर तेच सगळं टिपतो, म्हणजे मी लबाडी केली तर उघडी पडावी.

यंदा साक्षीला लायब्ररीच्या बाई मिळाल्या. बाकीच्या दोघी आजारी. बाईंचं पहिलं वाक्य, "मला पुस्तकं मोजायची आहेत." तोंड असं केलं होतं की जणू मी त्यांना विहिरीत उतरायला सांगतेय.

मूल म्हणजे आमचे साहेब. तेरा वर्षांचा आहे, पण चाकाच्या खुर्चीत असा बसतो की आपणच अर्ज घेऊन आलोय असं वाटावं. बोलत नाही, हात ताब्यात नाहीत, काय आहेत ते डोळे. दर वर्षी वीसपैकी पाच-सहा बरोबर. तीन कार्डांत आंधळेपणाने बोट ठेवलं तरी तेवढी येतातच. म्हणून चार वर्षं मी त्याच्या अहवालात लिहितेय, "आकलन आढळले नाही."

दुपारी आमचे दोघींचे तक्ते ताडून बघायला बसलो, तर एकही ओळ जुळेना. माझं डोकंच फिरलं.

"बाई, झोपला होतात का?"

"झोपते कशाला? चष्मा पुसत होते."

झालं होतं असं. तक्त्यात सगळ्यात वर नमुन्याच्या प्रश्नाची ओळ असते. नमुना चालू असताना बाई चष्मा पुसत होत्या. मग पहिल्या प्रश्नाला साहेबांनी जिकडे पाहिलं ते त्यांनी नमुन्याच्या ओळीत लिहिलं, दुसऱ्याचं पहिल्याच्या, आणि असंच शेवटपर्यंत. विसावी ओळ कोरी. "एक ओळ वर चढलंय, त्यात काय एवढं? उतरवा खाली," म्हणाल्या.

उतरवायला म्हणून मी त्यांचा तक्ता ओढला आणि सवयीने शेजारी उत्तरांची यादी ठेवली. बरोबर. बरोबर. चूक. बरोबर. बरोबर. एकोणीस ओळींत सोळा बरोबर, ताई! आधी मला वाटलं, बाईंनी यादीत बघून भरलं.

मग उजेड पडला. पोरगा उत्तर देत होता, फक्त पंधरा सेकंदांत नव्हे. चेंडू कुठला असं विचारलं, की ते ऐकून, समजून, ते हट्टी डोळे वळवून तो चेंडूच्या जागेवर पोचेपर्यंत मी चेंडू उचललेला असायचा आणि तिथे चमचा लावलेला असायचा. तो चेंडूच्या जागेकडे बघायचा, मी ते चमच्याचं उत्तर धरायचे. चूक. त्याचं प्रत्येक उत्तर एक ओळ खाली पडत होतं, आणि चार वर्षं मी फुल्या मारत होते.

मुख्याध्यापिकांना सांगितलं तर म्हणाल्या, "नियम पंधरा सेकंदांचा आहे." मी म्हटलं, "मग नियमाला थांबायला सांगा." जीभच घसरली. पण त्यांनीच मग जादा वेळेचा अर्ज शोधून काढला. एका प्रश्नाला दीड मिनिट दिलं, कार्ड हलवलं नाही. दोन दिवस लागले, वीसपैकी सतरा. दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या बाई न बोलावता येऊन बसल्या. म्हणाल्या, पुस्तकं काही पळून जात नाहीत.

इथवर काल लिहिलं होतं. आज पुढचं लिहिते.

तुला वाटत असेल की झालं ते छान झालं, पण माझ्या कागदाचं काय. नाही, तुला असं वाटत नसणार. तू केव्हाच ओळखलं असशील आणि उभ्याने वाचत असशील. खाली बस.

सहा वर्षांपूर्वी मी ठकीची अशीच परीक्षा घेतली, तो तक्ता माझ्याकडे आहे. तू मला रद्दीवाली म्हणतेस ते खोटं नाही, मी काही फेकत नाही. साहेबांचा प्रकार कळला त्याच दिवशी ती फाइल काढली आणि कपाटावर ठेवली. चौदा दिवस तिथेच होती. ह्यांना सांगितलं कामाची गडबड आहे. गडबड वगैरे काही नव्हती, भीती वाटत होती.

परवा उघडली. जसं लिहिलंय तसं बघितलं तर वीसपैकी सहा बरोबर. मग पट्टी लावून एकेक उत्तर एक ओळ वर सरकवलं. दहाव्या प्रश्नानंतर तू चहा आणला होतास, आठवतं? तेव्हा आपण थांबलो, म्हणून दहाव्याचं उत्तर टिपलंच गेलं नाही. पहिल्या आणि अकराव्या ओळीत मी "प्रतिसाद नाही" लिहिलंय, आणि तसंच असायला हवं, कारण नमुन्याचा प्रश्न मी घेतलाच नव्हता, आणि तेव्हा मागचं काही द्यायचं बाकी नव्हतं. राहिल्या अठरा ओळी. त्यांत पंधरा बरोबर आहेत.

ठकीला कळत होतं, ताई. नऊ वर्षांची होती, तिला कळत होतं. मी तुला सांगितलं की कळत नाही.

"हिच्यापर्यंत आपलं काही पोचत नाही, तू स्वतःला जाळून घेणं बंद कर," हे माझेच शब्द. तू रडलीस आणि म्हणालीस, "सुटले गं." दोन महिन्यांत ती निवासी शाळेत गेली. तेव्हापासून तू चारचौघांत सांगतेस की माझ्या बहिणीने मला सावरलं. भावोजीसुद्धा सांगतात. सहा वर्षं मी ते ऐकून मान खाली घालून हसत आले.

सगळे म्हणतील, तुझी काय चूक, नियमच तसा. शाळेत असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण ते तुझं घर होतं. तिथे ना साक्षीदार होता ना मुख्याध्यापिका. मला साडेचारची गाडी पकडायची होती, ताई. म्हणून मी पंधरा सेकंदसुद्धा पुरते थांबत नव्हते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता एकच राहिलं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

विसावा प्रश्न फोटोंचा होता. "आई कुठे आहे?" डावीकडे माझा फोटो, मधे तुझा, उजवीकडे तुमच्या डॉक्टरीणबाईंचा. ठकीने डावीकडे पाहिलं, माझ्याकडे. तू खुर्ची मागे सारून स्वयंपाकघरात गेलीस. मी "चूक" लिहिलं.

एकोणिसावा प्रश्न होता, जेवायला काय लागतं. ताट डावीकडे होतं. ती ताटाचं उत्तर देत होती गं, मला आई म्हणत नव्हती. तुझं उत्तर अजून वाटेत होतं. मी फोटो गोळा केले, रबर लावलं आणि पिशवी भरली. ते उत्तर कुणीच पाहिलं नाही.

त्या दोन ओळी मी लिहिणार नाही. सोबत दुसरा कागद जोडलाय. आधीची तपासणी चुकीची होती, चूक माझी, मुलीला वेळ देऊन पुन्हा तपासावं, असं सही-तारखेनिशी लिहिलंय. पाठव नाहीतर चुलीत घाल, ती तुझी मर्जी. खोटी आशा मात्र लावत नाही. सहा वर्षं कुणी थांबून विचारलं नसेल, तर ती अजून उत्तर देते की नाही, मला ठाऊक नाही. या रविवारी जाणार असशील तर मी येते. मागे उभी राहीन, बोलणार नाही.

तुझी धाकटी,
जिला माफ करायची घाई तू करू नकोस

२१ मार्च

पत्र मिळालं. दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. ह्यांनी विचारलं काय लिहिलंय, तर म्हटलं टाच बरी आहे तिची. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातात दिलं. वाचून ते गच्चीवर गेले, जेवायला खाली आले नाहीत.

मी दर महिन्याला जाते. तिचे केस विंचरते, नखं कापते आणि येते. बोलत नाही. पोचतच नाही तर बोलायचं कशाला? आणि तिथल्या बायकांशी मी काय काय बोलले आहे तिच्याबद्दल, ती समोर बसलेली असताना! "हिच्यानंतर मी दुसरं होऊच दिलं नाही," हेसुद्धा. ते सगळं तिला कळलं असेल, तर ते मी कुठे नेऊन टाकू, तूच सांग.

तू लिहिलंस की ते उत्तर कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तू पाठमोरी होतीस, फोटोंना रबर लावत होतीस. ठकी टेबलाच्या मधोमध बघत होती. तिथे काहीही नव्हतं. किती तरी वेळ बघत होती, पापणी हलवली नाही. मी मनात म्हटलं, हिला मी असले काय आणि रिकामं टेबल असलं काय, सारखंच. निवासी शाळेच्या कागदावर मी सही केली ती तुझ्या सांगण्याने नाही. त्या बघण्याने केली.

मी तेव्हा तुझाच फोटो तेवढा पाहिला होता. मधे माझा होता, हे तू आत्ता सांगतेस.

त्यांच्या कागदावर "संमती नाही" असं लिहून पाठवलंय, तुझा कागद जोडलाय. शनिवारी ह्यांच्याबरोबर जाऊन प्रमुखांना भेटणार आहे. रविवारी मी एकटीच तिच्याकडे जाणार. तू येऊ नकोस, इतक्यात तरी नकोच. फोटो नेणार नाही. मी स्वतःच समोर बसेन, विचारेन, आणि उठणार नाही.

तुझा राग कधी जाईल सांगता येत नाही. जाईल बहुतेक. तोवर ताई म्हणून सही करवत नाही.

ठकीची आई