दारातली जीप

नळदुर्ग,
फाल्गुन वद्य द्वितीया

प्रिय महानंदाक्का,

लग्नात माझी ओटी भरताना तू म्हणाली होतीस, मला अहो-जाहो केलंस तर रुसेन, म्हणून सरळ तू म्हणतेय. अक्षर वाकडंतिकडं आलंय त्याला इलाज नाही. पिठाच्या डब्यावर कागद ठेवून लिहितेय आणि बाहेर यांचा हातोडा चालू आहे. घाव तिकडं बसतो आणि दौत इकडं हिंदकळते. मी बरी आहे. सातवा चालू आहे. हातात हिरवा चुडा आहे, चिंचा म्हटलं की चिंचा येतात, बोरं म्हटलं की बोरं. यांनी चालवलेले लाड बघून शेजारणी जळतात. जळू देत मेल्या! त्यांना घराबाहेर पडता येतं, मला येत नाही.

तू आमचं घर पाहिलंयस. पुढं अंगण, अंगणाला गाडी आत येईल एवढं एकच दार, मागं शेजाऱ्यांची भिंत. दिवाळीत मला दिवस गेल्याचं कळलं आणि आमच्या यांनी, म्हणजे अख्ख्या नळदुर्गाच्या बब्रुवान मिस्त्रींनी (नाव लिहिलं, पाप लागलं तर लागो), त्या दारातच माणूसभर खड्डा खणला. कारखाना सडकेला आहे, तिथं लोकांचे ट्रक दुरुस्त होतात. पण पोलीस ॲक्शननंतर लिलावात घेतलेली आपली ती मिलिटरीची जीप यांनी घरी आणून खड्ड्यावर उभी केली आणि खाली उतरून तिच्या पोटाशी काम सुरू केलं. दारात उजेड चांगला येतो म्हणे. पुढच्या बंपरला बार्शीच्या छोट्या आगगाडीच्या रुळाचा तुकडा आणला, दोन माणसांना उचलेना. उमरग्याकडच्या एका गुऱ्हाळातून गुळाची जुनी काईल, रस आटवायची ती मोठी कढई आणली, तापवून ठोकून तिचा पत्रा असा बसवला की दगडानं चेंबरला शिवायचं म्हटलं तरी शिवता येऊ नये. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी तेलाची पेटी असते ती. एवढं आता मलाही कळतं. स्वयंपाक करता करता मी सगळी मिस्त्रीगिरी शिकले, बघ.

हे सगळं कशापायी चाललंय ते तुला मी काय सांगावं? तू तर त्या जीपमध्ये होतीस. मला कळलं ते सासूबाईंकडून, तेही तुकड्यातुकड्यानं. माझ्या आधीची या घरची सून, तुझी बहीण कमलताई बाळंतपणाला तुमच्याकडं आलेली, ऐन श्रावण, पोर आडवं आलं आणि सुईणीनं हात टेकले. हे जीप घेऊन धावले. तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. सोलापूरच्या दवाखान्याची वाट धरली आणि तुमच्या गावच्या ओढ्यात दगड लागून चेंबर फुटलं, सगळं तेल गेलं, इंजिन जागच्या जागी आवळलं. बैलगाडी येईपर्यंत पाणी चढलं होतं आणि कमलताई गेली होती. यांनी मला यातला एक शब्दही कधी सांगितला नाही. त्या दिवसापासून त्या ओढ्याकडं फिरकलेसुद्धा नाहीत. मेलेल्या सवतीचा म्हणून बांधतात तो तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात आहे, तूच बांधलास, आणि जेवताना कधीकधी यांची नजर माझ्या तोंडाकडं न बघता त्या टाकाकडं असते. तेव्हा मला वाईटही वाटतं आणि अंगावर काटाही येतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच आहे. माझं माहेर तेरखेड्याचं, आई तिथं वाकळा शिवून वाट बघत बसलीय. माझा भाऊ अंबादास मला न्यायला दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा हे म्हणाले, एस.टी.त धक्के बसतात, जीप तयार झाली की मी स्वतः सोडतो. दुसऱ्यांदा म्हणाले, खालचा पत्रा झालाय, बंपर राहिलाय. अंबादास म्हणजे गरीब गाय! आईनं दिलेले लाडू ओसरीवर ठेवून तो गेला. अगं, दारूकामाच्या गावची पोर मी, लहानपणी फटाक्यांच्या वाती वळल्यात, ठिणगीला कधी भ्याले नाही. आणि मला इथं एस.टी.च्या धक्क्याची भीती घालतात! पाडव्याला मला आठवा लागतो. सासूबाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय, आठव्यात वेस वलांडायची न्हाय बाई, लई वंगाळ असतं. आणि नवव्यात तर कोण हलू देतंय? म्हणजे पाडव्याच्या आत निघाले तर निघाले, नाहीतर याच अंगणात, हातोड्याच्या आवाजात, या माणसाच्या भेदरलेल्या डोळ्यांपुढं मी बाळंत होणार. त्या डोळ्यांची मला जेवढी भीती वाटते तेवढी कळांची वाटत नाही.

शिमग्याच्या आदल्या दिवशी एकदाचं काम झालं. जीप चालवून बघायला हे एकटेच निघाले, खळ्याखळ्यांतून, मुद्दाम वाईट वाटेनं. अक्का, दार उघडं! सासूबाईंचा डोळा लागला होता. माझी पिशवी केव्हाची भरलेली होती. मी पदर खोचला आणि खड्ड्याच्या कडेनं निघाले. सडकेवर ऊन होतं, ट्रक जात होते, कडेला कुणी टरबुजं विकत होतं, आणि मला इतकं मोकळं वाटलं की उगाच एका टरबुजाचा भाव विचारला. उस्मानाबादची एस.टी. लागली. कंडक्टरनं माझी पिशवी घ्यायला हात पुढं केला आणि तेवढ्यात ओरडा झाला, मिस्त्रीची जीप पेटली. कुणी म्हणे माणूस आत आहे. मी पोट धरून पळत आले. झालं होतं असं, की काईल आणि इंजिन यांच्या सापटीत खळ्यावरचं भुसकट ठासून भरलं आणि सायलेन्सर तापला तसं धुमसायला लागलं. दगडाचा बंदोबस्त केला, काडीचा करायचा राहिला! यांनी माती टाकून विझवली. भुवया जळलेल्या, तोंड काळं झालेलं, असे समोरून चालत आले आणि मला तिथंच रडू फुटलं. मग यांचं लक्ष माझ्या हातातल्या पिशवीकडं गेलं. ती माझ्या हातातून घेतली आणि घराकडं चालू लागले. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा खड्ड्यावर. आता काईल उतरवून तिला भोकं पाडायचं चाललंय, भुसकट खाली गळून जावं म्हणून. ते मला पटतं. पण बंपरच्या दोन्ही टोकांना वीत वीत लोखंड जोडलं, ते कशाला? समोरून बैलगाडी आली तर तिचं चाक मडगार्डला घासू नये, म्हणाले. आधी बंपर आणि चौकट यांच्यामधून मी आडवी होऊन जायची. दिवाळीत घागर घेऊन गेले, संक्रांतीला वाणाचं ताट सांभाळत गेले. सासूबाई म्हणजे काडी, त्या अजून जातात. बांगड्या भरायला येते ती कासारीणही येते-जाते, हे पत्र तिच्याच हाती देतेय. काल मी जाऊन बघितलं. पाठ चौकटीला, पोट लोखंडाला, आणि मध्येच अडकले. पुढंही होता येईना आणि मागंही. आत बाळानं लाथ मारली. मी हाक मारली नाही, पण हे खड्ड्यातून वर आले, मला हळूच मागं घेतलं, खाली बसवलं आणि पाणी आणून दिलं. जीप हलवली नाही. मला इतका राग आला अक्का, की तांब्या फेकून मारावा वाटलं! माणूस दारू पीत नाही, हात उगारत नाही, माझ्या आधी जेवत नाही. चोरानं कोंडलं असतं तर बोंब ठोकता आली असती. याच्या नावानं कुणापुढं ओरडू?

आता पत्र कशाला लिहिलं ते सांगते. हे अंबादासला नाही म्हणाले, आईच्या निरोपाला नाही म्हणाले. तुला नाही म्हणायची यांची छाती होणार नाही. टाक बांधताना चारचौघांत तू म्हणालीस, कमलच्या जागी ही आमची लेक, हिला माहेरं दोन झाली. मग लेकीला न्यायला ये. पाडव्याच्या आत, बैलगाडी घेऊन ये. आणि आणखी एक मागते, जीव मोठा कर. लग्नाला तू लांबच्या सडकेनं वळसा घालून आली होतीस, का ते मला ठाऊक आहे. या खेपेला ओढ्यातून ये. कासारीण परवाच तिकडून आली, म्हणते ओढ्यात थेंब नाही, पोरं विटीदांडू खेळतात. यांच्या डोक्यात मात्र तो अजून दुथडी वाहतोय. मी सांगून यांना पटायचं नाही, मी तिथं नव्हते. तू होतीस. दारात गाडी सोडलीस की यांना हाताला धरून बाहेर आण आणि गाडीची चाकं दाखव, त्याच ओढ्यातून आलेली, धुळीनं भरलेली, कोरडी. मग मला त्याच वाटेनं तुझ्याकडं ने. दोन दिवस तुझ्या हातचं खाईन, तिथून अंबादास मला आईकडं नेईल. हे जीप घेऊन मागं मागं येतील. येऊ देत की! पण मला गाडीत बसवायची तर आधी यांना दारातली जीप काढावी लागेल, आणि ती फक्त तुझ्या शब्दानं निघेल. माझी पिशवी मी अजून सोडलेली नाही.

तुझीच धाकटी बहीण,
वनमाला