व्हिडिओखाली लिहिलेली माझी ओळ

मी, वामन गणपत निनावे, वय ७४, निवृत्त शिक्षक, राहणार सदर, नागपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवतो.

१) मागच्या दोन खोल्या व बँकेतील ठेव माझी मुलगी दीप्ती हिला. मोबाइलही तिलाच. त्यातले काही पुसू नये. बाप कसा होता ते तिने पाहावे.

२) रस्त्याकडील खोली माझी जुनी विद्यार्थिनी गोपिका शेंडे हिला, विनाअट.

कारण लिहिणे भाग आहे. समोर तिचे मिरची कांडपाचे दुकान होते. भिवापूरची मिरची ती स्वतः निवडून आणायची. माझी पत्नी कौशल्या हिला दमा. ठसक्याने तिचा जीव कासावीस व्हायचा. मी तक्रार केली, तेव्हा गोपिकाने दाराला जाड पडदा लावला. पुढे कौशल्या गेली. माझा राग गेला नाही.

मागच्या वर्षी एक व्हिडिओ आला. मिरचीत विटेचा भुगा मिसळणारे कोणी. गाव नाही, नाव नाही. मी तो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला व खाली लिहिले, ‘आपल्या समोरही हेच चालते. सावध राहा.’ लोक म्हणाले, ‘निनावे सर खोटं काहून लिहितील?’ दोन महिन्यांत दुकान बंद पडले. आता ती कळमेश्वरला कारखान्यात पाकिटे भरते.

तिने करून घेतलेल्या तपासणीत तिखट शुद्ध निघाले. तो कागद घेऊन ती माझ्या दारात आली. “सर, तुमचं घर तं समोरच होतं. एकदा येऊन मले विचारलं काहून नाही?”

“मलाही कोणीतरी पाठवलं होतं,” मी म्हणालो. व्हिडिओ पाठवला होता. ती ओळ नाही. तिला ते ठाऊक होते. ती खाली मान घालून निघून गेली. मान मी घालायला हवी होती.

३) माझ्या पश्चात दीप्तीने माझी कबुली त्याच ग्रुपवर टाकावी.

हे कलम रद्द. मसुदा वाचून साक्षीदार प्रेमानंद म्हणाला, “पोरीच्या गळ्यात काहून टाकता, सर? तुम्ही जित्ते आहात नं अजून.”

आज सकाळी मी स्वतः सगळे लिहून टाकले. दोघे ग्रुप सोडून गेले. एकाने लिहिले, ‘जाऊ द्या सर.’ गोपिकाला मी व्हिडिओ टाकला तेव्हाच ग्रुपमधून काढले होते, म्हणून तिला फोन केला. तिने सगळे ऐकले, “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

खोलीचे तिला सांगितलेले नाही. तिने माफ केले नाही तरी कलम दोन कायम राहील.

वामन गणपत निनावे (सही)

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
प्रेमानंद गजभिये (सही)
यमुताई भोयर (सही)

नागपूर, ११ फेब्रुवारी २०२५